बासवर देवमन

माझ्या यजमानांचं नाव देवमन. तोंडानं मी ते कधी घेतलेलं नाही, पण लिहिताना घेणार आहे. नाहीतर 'हे' म्हणजे कोण आणि 'ते' म्हणजे कोण, यातच वाचणाऱ्याचा जीव जायचा.

देवमन बास वाजवतात. बास म्हणजे माणसापेक्षा उंच, उभं धरून बोटांनी छेडायचं चार तारांचं लाकडी धूड. तेल्हाऱ्याकडे माझ्या सासरी त्याला अजून 'मोठी सारंगी' म्हणतात. आमची सोयरीक जमली तेव्हा माझ्या मावशीनं 'पोरगा सारंगी वाजवते म्हणे' असं म्हणत डोळ्याला पदर लावला होता. नेव्हीत नोकरी आहे हे कळल्यावर तिनं पदर खाली घेतला. नेव्हीच्या बँडमध्ये भरती झाली तेव्हा पोरांमध्ये हेच सगळ्यांत उंच होते, म्हणून हे वाद्य यांच्या गळ्यात पडलं. आवडीनिवडीचा प्रश्नच नव्हता. आवड मागाहून लागली, ती अशी लागली की सुटता सुटेना.

नेव्हीची नोकरी संपली, पेन्शन सुरू झाली. मला वाटलं, आता माणूस घरी येईल. मी अमरावतीला सरकारी दवाखान्यात नर्स होते, पोरगी माधवी शाळेत होती. तेवढ्यात गजेंद्रचा निरोप आला.

गजेंद्र अकोल्याचा. त्याच्या घरचा लग्नाचा बँड होता, बाप क्लॅरिनेट वाजवायचा. हा सॅक्सोफोन घेऊन मुंबईला गेला आणि एका मोठ्या हॉटेलात त्यानं चौघांचा जाझचा बँड उभा केला. त्याला बासवाला पाहिजे होता. देवमन गेले आणि म्हातारे होईपर्यंत तिथंच राहिले. जाझ म्हणजे काय ते मला विचारू नका. माझ्या समजुतीप्रमाणे त्यात एकजण पुढे होऊन मनाला येईल तसा हिंडतो आणि बाकीचे त्याचं घर सांभाळतात. हे मला पटकन समजलं, कारण आमच्याकडेही तेच चाललं होतं. मुंबईत गजेंद्र हिंडायचा आणि घर देवमन सांभाळायचे. देवमनचं घर इथं मी सांभाळायची.

गजेंद्रवर माझा राग होता, तो मी लपवणार नाही. सुट्टीत मी मुंबईला गेले की हॉटेलात मागच्या टेबलावर बसून ऐकायची. शेवटी गजेंद्र माईकवर सगळ्यांची ओळख करून द्यायचा. पियानोवाल्याला म्हणायचा, 'आमचे जादूगार'. ड्रमवाल्याला म्हणायचा, 'आमचा वाघ'. मग म्हणायचा, "आणि बासवर देवमन." बस्स. हजेरी घ्यावी तसं. वाजवणं झाल्यावर पियानोवाल्याची पाठ थोपटायचा, ड्रमवाल्याला मिठी मारायचा. यांना काय म्हणायचा, तर 'उद्या लवकर ये'.

माझी सासू गेली तेव्हा देवमन तेल्हाऱ्याला आले होते. तेवढ्या दिवसांपुरता गजेंद्रनं दुसरा बासवाला उभा केला. देवमन परत गेल्यावर त्यानं काही विचारलं नाही. नुसतं म्हणाला, "उभा राह जागेवर." हे मला सांगताना देवमन खूश होते. म्हणे, "म्हणजे बदलीवाला त्याले आवडला नसन." मी कपाळाला हात लावला. माणूस बोलत नाही, तर त्याच्या न बोलण्याचे अर्थ लावत जगायचं!

आणि यांना बाकी हाव कसलीच नव्हती. जाझमध्ये प्रत्येकाला एकट्यानं वाजवायची पाळी मिळते. गजेंद्र यांच्याकडे बोट करायचा, हे मान हलवून नकार द्यायचे आणि मागचं वाजवणं चालूच ठेवायचे. मी विचारलं तर म्हणाले, "मी हिंडाले गेलो त घर कोण पाहीन?" फोटोत हे बासच्या मागे, हॉटेलच्या पाटीवर नाव नाही, त्याचं काही वाटायचं नाही. पाहिजे होता तो गजेंद्रच्या तोंडचा एक शब्द. ते मला कळलं माधवीच्या लग्नात. गजेंद्र मुंबईहून आला, दोनदा वाढून घेतलं आणि उठून थेट आचाऱ्याकडे गेला. "वांग्याची भाजी झकास झाली हो," म्हणाला. पाहुणे गेल्यावर देवमन मांडवात खुर्च्या रचत होते. मला म्हणाले, "आचाऱ्याले बोलला, पाह्य. मले नाही बोलला कधी."

एवढा उंच माणूस, आणि तोंड लहान पोरासारखं झालेलं. मला हसू आलं, आणि मी त्यांच्या हातातली खुर्ची काढून घेतली.

पुढे हॉटेलानं बँड बंद केला. देवमन अमरावतीला आले, गजेंद्र अकोल्याला लेक-सुनेकडे गेला. गेल्या वर्षी अकोल्याच्या एका सांस्कृतिक मंडळाच्या उत्तमरावांचा फोन आला. गजेंद्रचा सत्कार करायचा ठरला होता. शाल, नारळ, भाषणं, आणि शेवटी त्याचं वादन. कीबोर्ड आणि ड्रमला अकोल्याचेच दोघे मिळाले होते. बासला देवमनच पाहिजेत, असं गजेंद्रची सून पौर्णिमा हिनं सांगितलं होतं. मी विचारलं, "सून म्हणाली का तो म्हणाला?" उत्तमराव गडबडले.

सरावाला आम्ही एसटीनं अकोल्याला गेलो. बास शेवटच्या लांब सीटवर आडवा. कंडक्टरनं माझं बाई म्हणून अर्धं तिकीट फाडलं, देवमनचं वयाचं म्हणून अर्धं, आणि बासचं पूर्ण. मी म्हटलं, "त्याचंही वय झालं आहे, साठीच्या वर आहे तो." कंडक्टर म्हणाला, "आधार कार्ड दाखवा."

गजेंद्रच्या घरी बैठकीतच सराव झाला. गजेंद्रची स्वतःची एक चाल आहे, 'मोर्णा'. अकोल्याच्या नदीचं नाव. हॉटेलात रोजचा शेवट याच चालीनं व्हायचा, म्हणून ती मलासुद्धा पाठ आहे. मुखडा दोनदा, मग अंतरा, आणि पुन्हा मुखड्यावर यायचं. गजेंद्रनं मुखडा घेतला तो असा, की माझा राग असूनही अंगावर काटा आला. मग अंतरा घेतला. मग परत अंतराच घेतला. आणि परत अंतरा. कीबोर्डवरचा विपुल गोंधळून थांबला. देवमन थांबले नाहीत. गजेंद्र जिकडे जाईल तिकडे त्याच्या खालून वाजवत राहिले. शेवटी गजेंद्रनं सॅक्सोफोन खाली ठेवला आणि पौर्णिमेला म्हणाला, "चहा नाही का देत आज?" रिकामा कप त्याच्या गुडघ्याशी होता. हनुवटीवर चहाचा ओघळ होता.

जन्म दवाखान्यात गेला माझा. मी स्वयंपाकघरात जाऊन पौर्णिमेला सरळ विचारलं. ती रडायला लागली. डॉक्टरांनी वर्षापूर्वीच सांगितलं होतं. विसरणं वाढतच जाणार होतं. आदल्या आठवड्यात त्यानं तिला 'कोण पाहिजे तुमाले' असं विचारलं होतं.

परतीच्या एसटीत मी देवमनना सगळं सांगितलं.

"मले दिसलं होतं," ते म्हणाले.

"मंग उत्तमरावले फोन करा. रद्द करा म्हणा. चारशे लोकांसमोर अटकला त इज्जत जाईन त्याची."

"नाही करत."

"काहून?"

मूर्तिजापूरच्या स्टँडवर गाडी थांबली, सुटली. मग देवमन म्हणाले, "त्याची चाल हाय. एकदा त नीट वाजू दे. आन् आता नाही बोलला त मंग कधी बोलन तो मले? येत्या वर्षी वळखणारबी नाही."

मला असा संताप आला म्हणता! उभा जन्म ज्याच्या मागे उभं राहण्यात घातला, त्याच्याकडे अजूनही हात पसरायचा? मी म्हटलं, "तो नाही बोलन. त्याच्या जिभेले हाड हाय." देवमननी डोळे मिटून घेतले. मी मनाशी पक्कं ठरवलं, की कार्यक्रम झाल्यावर या गजेंद्रला गाठायचं आणि दोन शब्द सुनवायचे. विसरला तर विसरला. माझं मन तरी मोकळं होईल.

कार्यक्रमाला सभागृह भरलेलं. भाषणं लांबली. गजेंद्र पांढऱ्या सफारीत, खांद्यावर शाल, बोलणाऱ्या प्रत्येकाकडे पाहून हसत होता. मी पहिल्या रांगेत पौर्णिमेजवळ बसले होते आणि तिचा हात घामानं ओला झाला होता.

वादन सुरू झालं. आधीच्या दोन चाली नीट पार पडल्या. मग 'मोर्णा'. मुखडा, मुखडा, अंतरा. आणि मग अंतरा. पौर्णिमेनं माझा हात आवळला. पुन्हा अंतरा. लोकांना अजून काही कळलं नव्हतं, कारण देवमन प्रत्येक वेळी असे वाजवायचे की जणू तसंच ठरलं आहे. पण पाचव्यांदा तेच सूर आल्यावर मागे कुणीतरी खोकलं, कुणी हसलं. गजेंद्रनं सॅक्सोफोन तोंडातून काढला. तो समोर पाहत उभा राहिला. त्याचा चेहरा मी दवाखान्यात खूप वेळा पाहिला आहे. आपण कुठे आहोत हे न कळलेल्या माणसाचा तो चेहरा.

देवमननी विपुलकडे पाहून मान हलवली. विपुलनं हात उचलले, ड्रमवाल्यानंही काड्या मांडीवर ठेवल्या. आणि जे यांनी सगळ्या आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. एकटे वाजवायला लागले. करामत काहीच नाही. नुसता 'मोर्णा'चा मुखडा, त्या जाड, खोल आवाजात, एकेक सूर सुटा. तान्ह्या पोराला भरवताना आपण घास लहान करतो ना, तसा. एकदा वाजवला. गजेंद्र तसाच उभा. दुसऱ्यांदा वाजवला. आता सभागृहात कुणी खोकत नव्हतं. तिसऱ्यांदा वाजवताना देवमनची नजर बासवर नव्हतीच, गजेंद्रच्या पाठीवर होती. मला वाटलं, संपलं. आता उत्तमराव पडदा पाडतील.

गजेंद्रनं सॅक्सोफोन वर घेतला. मुखड्याच्या मधल्याच एका सुरावर तो येऊन मिळाला आणि तिथून शेवटपर्यंत गेला. चूक नाही, अडखळणं नाही. लोक उठून उभे राहिले. पौर्णिमा रडत होती. मीही रडले, आणि गजेंद्रसाठी रडले की देवमनसाठी, ते त्या वेळी सांगता आलं नसतं.

गजेंद्रसमोर माईक धरला गेला. त्यानं विपुलकडे हात केला, ड्रमवाल्याकडे केला. नावं उत्तमरावांनीच सांगितली. मग तो बासकडे वळला, पाहत राहिला आणि माईक परत देऊन टाकला. 'आणि बासवर देवमन' एवढंसुद्धा या वेळी मिळालं नाही.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तशीच रंगमंचामागच्या खोलीत शिरले. गजेंद्र प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला होता, मांडीवर नारळ. देवमन भिंतीशी बासला खोळ चढवत होते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात गजेंद्रच बोलला. माझ्याशी नाही, देवमनशी.

"तुमी कुठले जी?"

'तुमी' ऐकलं आणि मी दाराशीच थांबले. देवमनना तो जन्मभर 'देव्या' म्हणत आला होता.

देवमन खोळीवरचा हात न काढता म्हणाले, "तेल्हाऱ्याचा."

"बरं वाजवता. हात चांगला हाय तुमचा." गजेंद्रनं नारळ या मांडीवरून त्या मांडीवर घेतला. "पण राग नका मानू. माह्याकडं एक हाय, तोबी तिकडचाच, तेल्हाऱ्याचा. त्याची सर नाही येत कोणाले. तो मागं उभा असला का मले मागं पाहा लागत नाही. कुठीबी गेलो तरी तो खाली असतेच."

खोलीत आम्ही तिघंच होतो. देवमन माझ्याकडे पाहीनात. मी पदर तोंडाशी धरला.

"काय नाव त्याचं?" देवमननी विचारलं. आवाज नेहमीचाच ठेवला होता, कसा ठेवला देव जाणे.

"देवमन," गजेंद्र म्हणाला. मग दाराकडे एकदा पाहून त्यानं आवाज खाली आणला. "त्याले सांगू नोका बरं. डोक्यावर चढून बसन."

देवमन खाली वाकले. खोळीची चेन अडकली होती. ती सोडवायला त्यांना फार वेळ लागला.

"नाही सांगत, गजूभाऊ," ते म्हणाले.