भट्टीचं मीठ

मित्रांनो, मी बोलतेय ती स्वयंपाकघरातल्या सगळ्यात वरच्या फळीवरून. माझ्या एका बाजूला रिकामे डबे आहेत, दुसऱ्या बाजूला कधीतरीच लागणारी मोठी किसणी आहे, आणि मधे मी, चिनी मातीची, गोल पोटाची, जुनी मिठाची बरणी. वरच्या फळीवर गेलेल्या वस्तूंना सहसा वाईट वाटतं. शेजारचे डबे तर दिवसभर तेच रडगाणं गात असतात. मला मात्र इथं आणून ठेवलं त्या दिवशी हायसं वाटलं. वेडी म्हणाल मला, पण आधी माझं ऐकून तर घ्या.

एका वयस्कर कुंभाराने मला चाकावर घडवलं, सावलीत वाळवलं, तपकिरी झिलई दिली आणि भट्टीत भाजलं. बाहेर काढल्यावर त्याने मला टिचकी मारली आणि कान जवळ आणला. माझा आवाज खणखणीत निघाला. माझ्याबरोबरच्या दोघींचा बद्द आला, म्हणजे त्यांना आतून तडा होता. त्या बिचाऱ्या कोपऱ्यातल्या ढिगात गेल्या आणि मी बाजारात आले. तेव्हापासून मी जराशी शिष्ट आहे, हे आधीच सांगून टाकते.

मला विकत घेतलं एका काचेच्या कारखान्याने. तिथे मोठी भट्टी होती. कारागीर लांब नळीच्या टोकावर वितळलेली काच घेत, फुंकर मारत आणि तिचे पेले, दिव्यांच्या चिमण्या, बाटल्या करत. उष्णता अशी, की शर्ट पिळला तर पाणी गळावं. घामाबरोबर अंगातलं मीठही जायचं आणि पायांत गोळे यायचे. म्हणून पाण्याच्या पिंपाशेजारी माझी नेमणूक झाली. माझ्याबरोबर तळहाताएवढा लाकडी चमचा होता. बादलीभर पाण्यात एक चमचा, असा हिशेब असायचा. नवा माणूस कामावर आला की मुकादम त्याच्या तळव्यावर माझ्यातली चिमूट ठेवायचा. त्याने ती चाटली की सगळे म्हणायचे, आता तू भट्टीचा झालास. माझा तिथला मान काय सांगू तुम्हाला. मालकाला कुणी विचारलं नसेल एवढं मला विचारायचे.

असाच एक दिवस एक काटकुळा तरुण आला. मनगटं बारीक, पण छातीत दम मोठा. काही वर्षांत त्याच्या हातचे पेले इतके पातळ आणि सारखे यायला लागले की सगळे त्याला उस्ताद म्हणू लागले. मी त्याला मिसरूड फुटल्यापासून पाहिलंय, म्हणून मी त्याला अरेतुरेच करते. जेवायला बसला की तो आधी माझ्याकडे हात करायचा, ताटावर मीठ भुरभुरायचा आणि मगच पहिला घास घ्यायचा. घामाने थबथबलेल्या माणसाला ते लागतच होतं. त्यात काही चूक नव्हती.

पुढे कारखान्यात पाण्यात घालायच्या तयार पुड्या आल्या आणि मला भंगारात काढायचं ठरलं. उस्तादने मला मागून घेतलं, टॉवेलात गुंडाळलं आणि चमच्यासकट घरी नेलं. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. बायकोने मला कौतुकाने जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवलं आणि ती त्याच्या जिभेप्रमाणे स्वयंपाक शिकली. बादलीभर पाण्यासाठी केलेला तो चमचा पातेलंभर भाजीत पडायला लागला. घरात कुणाला घाम येवो न येवो, जेवण शिजायचं ते भट्टीवरच्या माणसाचं. लेक झाली, तीही त्याच चवीवर वाढली. शेजारीपाजारी कधी जेवायला थांबले तर दोन घासांमागे पेलाभर पाणी प्यायचे आणि लवकर उठायचे. त्यांना भूक कमी आहे, असं उस्तादची बायको बरीच वर्षं समजत होती.

मग उस्तादच्या गुडघ्याने दगा दिला. भट्टीपुढे उभं राहणं जमेना. कारखान्याने त्याला तपासणीच्या खोलीत बसवलं. ती खोली गार, वर पंखा, बसायला स्टूल. एकेक पेला दिव्यासमोर धरायचा आणि काचेत मोहरीएवढा बुडबुडा किंवा केसाएवढा ओरखडा दिसला तर तो बाजूला काढायचा. हे काम तो डोळ्यांत तेल घालून करायचा. सकाळी इस्त्री केलेला शर्ट घालून जायचा आणि तसाच कोरडा परत यायचा. जेवायला बसला की हात मात्र जुन्याच सवयीने माझ्याकडे यायचा. घास तोंडात जायच्या आधीच माझं झाकण उघडलेलं असायचं. घरातल्यांना माझं बोलणं ऐकू येत नाही, नाहीतर तेव्हाच चार शब्द सुनावले असते.

हळूहळू त्याच्या तक्रारी सुरू झाल्या. सकाळी डोकं जड असायचं. संध्याकाळी बूट काढताना पावलं सुजलेली दिसायची. जिना चढताना मधल्या वळणावर तो थांबायचा आणि खिशात काहीतरी शोधतोय असं दाखवायचा. शेवटी लेकीने त्याला जवळजवळ ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. परत आल्यावर तिने टेबलाशी बसून आईला सगळं सांगितलं. रक्तदाब फार वाढलाय आणि त्याच्या खुणा डोळ्यांच्या आतल्या पडद्यावर दिसायला लागल्यात. गोळ्या तर घ्यायच्याच, पण मीठही कमी करायचं. असंच चालू राहिलं तर नजर जाऊ शकते.

गुडघ्याने भट्टी नेली होती, उस्तादकडे आता ते एक स्टूल तेवढं उरलं होतं आणि ते त्याच्या डोळ्यांवर टिकून होतं. बायकोच्या हातातला घास तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी तिने घाबरून टोकच गाठलं. स्वयंपाकात मिठाचा कणही घातला नाही आणि मला मोरीखाली बादलीमागे लपवून ठेवलं. मला. अंधार, ओल आणि शेजारी घासणी. उस्तादने एक घास घेतला, चमचा खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाला, "मी भट्टीवरचा माणूस आहे. मला हे गवत घालू नका." मग तो खाली कोपऱ्यावरच्या दुकानात गेला आणि येताना खारे दाणे, तळलेल्या चकत्यांची पाकिटं आणि डब्यातलं सूप घेऊन आला. आता या पाकिटांत केवढं मीठ ठासून भरलेलं असतं ते मला विचारा. ते कुणाला दिसत नाही आणि नाव मात्र माझं खराब होतं. बायकोने त्याला विनवलं, ओरडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. तो ढिम्म. शेवटी त्यानेच मला बादलीमागून शोधून काढलं, पुसलं आणि पुन्हा टेबलावर आणून बसवलं. त्या दिवशी ती भांडी घासता घासता रडत होती आणि नळ मुद्दाम मोठा सोडला होता. मला फार वाईट वाटलं. माझ्यावरून घरात एवढं व्हावं असं मला कधीच वाटलं नव्हतं.

चारसहा दिवस असेच गेले. मग एका संध्याकाळी उस्तादने माझ्या झाकणाला हात घातला, तेव्हा लेकीने तो अडवला नाही. तिने फक्त विचारलं, "बाबा, तुमचा शर्ट घामाने शेवटचा कधी भिजला होता?"

टोमणा नव्हता त्यात. ती खरंच विचारत होती. उस्ताद आठवून पाहू लागला. त्याने बायकोकडे पाहिलं, कारण शर्ट तीच धुवायची.

"खूप वर्षं झाली हो," ती हळूच म्हणाली. "आता तर कॉलरसुद्धा मळत नाही."

उस्ताद जेवण अर्धवट टाकून उठला. मला वाटलं, संपलं सगळं. आता हा हट्टाने आणखी दोन चमचे जास्त खाणार.

दुसऱ्या दिवशी तो घरी आला तो ओल्या शर्टाने. बायको घाबरून पुढे झाली, तर हा हसतोय. मधल्या सुट्टीत तो लंगडत लंगडत भट्टीवर गेला होता. जुन्या सोबत्यांशेजारी थोडा वेळ नुसता उभा राहिला, तेवढ्यात शर्ट अंगाला चिकटला. तिथल्या कुणीतरी त्याला मीठ घातलेलं पाणी पुढे केलं, तेव्हा त्याने आजूबाजूला पाहिलं. सगळे घामाने निथळत होते. हा मात्र घंटा झाली की पंख्याखाली जाऊन बसणार होता. ते पाणी त्याने शेजारच्याला दिलं.

हे सगळं सांगून तो खुर्चीवर बसला. "मीठ सोडलं की भट्टी सुटली, असं वाटायचं मला," तो म्हणाला. "म्हणून धरून बसलो होतो."

बायको त्याच्याजवळ खुर्ची ओढून बसली. "भट्टी गुडघ्यामुळे सुटली," ती म्हणाली. "तुम्ही उस्ताद आहात, ते कुणी काढून घेतलंय का?"

मग त्याने मला दोन्ही हातांनी उचललं. स्वतःच वर ठेवायला निघाला होता, पण गुडघ्याचं दुखणं आठवलं आणि मला लेकीच्या हातात दिलं. तिने मला या फळीवर ठेवलं. लाकडी चमचाही आत टाकला. खाली एका छोट्या डबीत थोडं मीठ राहिलं, साध्या चहाच्या चमच्यासकट.

या वेळी बायकोने घाई केली नाही. दर आठवड्याला थोडं थोडं मीठ कमी केलं. त्याऐवजी लिंबू पिळलं, मिरी कुटून घातली, लसूण खरपूस परतली, कांदा आचेवर भाजला. दुकानातली पाकिटं बंद झाली. जेवणानंतर फळ आलं. उस्ताद कुरकुर करायचा, कागद चघळल्यासारखं लागतंय म्हणायचा, पण ताट पुढे ढकलायचा नाही. आणि एक दिवस जेवता जेवता थांबून त्याने बायकोला विचारलं, गाजरात साखर का घातलीस म्हणून. तिने साखर घातलीच नव्हती. गाजर गोडच असतं, हे बिचाऱ्याला इतक्या वर्षांनी कळलं. मी वर बसून पोटभर हसले. माझं पोट मोठं आहे, तेव्हा बराच वेळ हसले.

मग बाकीचंही दिसायला लागलं. संध्याकाळी बूट सहज निघू लागले. सकाळी उठल्या उठल्या डोकं धरून बसणं कमी झालं. बायकोचीही पावलं सुजायची, पण ती कधी बोलली नव्हती. तीही सूज उतरली. एकदा शेजारीण जेवायला थांबली आणि तिने चक्क दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

आणि मग पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे तपासणीचा दिवस आला. बापलेक सकाळीच गेले. बायकोचा जीव टांगणीला लागला होता. तिने तेच ते टेबल किती वेळा पुसलं कुणास ठाऊक. माझंही चित्त थाऱ्यावर नव्हतं. शेवटी जिन्यात पावलं वाजली. मी कान देऊन ऐकत होते. पावलं मधल्या वळणावर थांबली नाहीत, सरळ वर आली.

लेकीने दारातूनच सांगितलं. रक्तदाब चांगलाच उतरलाय. डोळ्यांचं दुखणं वाढलं तर नाहीच, उलट पडदा आधीपेक्षा बरा दिसतोय. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय की गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, आणि जेवण असंच ठेवायचं. बायको टेबलाशी बसून रडली. या वेळी तिने नळ सोडला नाही.

उस्तादने पिशवीतून कागदात गुंडाळलेला एक पेला काढला. आदल्या दिवशी कारखान्यातल्या नव्या साहेबाने तो चांगला आहे म्हणून पुढे पाठवायला सांगितला होता आणि उस्तादने अडवला होता. आता त्याने तो खिडकीच्या उजेडात धरला आणि दोघींना विचारलं, काय दिसतंय. लेकीला काही दिसलं नाही. बायकोने चष्मा पुसून पाहिलं, तिलाही दिसलं नाही. मग त्याने नखाचं टोक बुडाजवळ टेकवलं. तिथे खसखशीच्या दाण्याहून बारीक एक बुडबुडा होता. दोघी एकदम हसल्या. मला इतक्या लांबून दिसणं शक्यच नव्हतं, पण मी त्याचा चेहरा पाहिला आणि माझ्या जिवात जीव आला.

मित्रांनो, माझ्यातलं मीठ काही विष नाही. चिमूटभर ते सगळ्यांनाच लागतं, आणि भट्टीपुढे उभ्या असलेल्या माणसाला जरा जास्तच लागतं. तुम्ही आज काय काम करता, तुमच्या शरीराला आज काय हवंय, एवढं बघून ताट वाढून घ्या. आणि कृपा करून आधी एक घास नीट चावून खा, मग ठरवा. मला इतकी वर्षं रोज उचललं, मिरवलं, माझं कौतुक केलं. पण त्या दुपारी ती तिघं पोटभर जेवली, हसली, बोलली, आणि जेवण संपेपर्यंत त्यांच्यापैकी एकालाही माझी आठवण आली नाही. एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.