मिनलच्या आकड्यांना मी नाही म्हणालो

मी एक जुना बीजगणिताचा प्रोग्राम आहे. नागपुरात प्रताप नगरच्या एका कॉलेजात, खिडकीजवळच्या संगणकात माझा मुक्काम आहे. सरिता मॅडमनी मला इथे आणलं. पूर्वी मुलं माझ्यापुढे रांग लावत. आता नवे, चकचकीत प्रोग्राम आलेत आणि माझ्या कीबोर्डवर धूळ असते.

मित्रांनो, माझी शिस्त जरा कडक आहे. पाच या आकड्याला मी विचारतो, तुझा प्रकार कोणता? तो सांगतो, पूर्णांक. मग मी पूर्णांकालाही तेच विचारतो. तो सांगतो, वलय. ज्यांना बेरीज, वजाबाकी, गुणाकार नीट जमतात, त्यांचा वर्ग म्हणजे वलय. माझ्याकडे वर्ग हासुद्धा एक प्रकारच असतो. पण नुसतं काम जमून भागत नाही. हा अमुक वर्गातला, असं कोणीतरी लिहून द्यावं लागतं.

गेल्या वर्षी काटोलहून बसनं येणारी मिनल माझ्यापाशी बसू लागली. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी तिनं घड्याळाचे आकडे रचले. दहानंतर पाच तासांनी तीन वाजतात, तशी त्यांची बेरीज. गुणाकारही तिनं सुरेख लिहिला. मी एकेक हिशेब तपासला, सगळे बरोबर होते. मग तिनं त्या आकड्यांची मॅट्रिक्स, म्हणजे आडव्या-उभ्या ओळींतली मांडणी, मागितली. मॅट्रिक्सला फक्त वलयातलेच आकडे चालतात, आणि मिनल वर्गाचं नाव लिहायला विसरली होती.

मी म्हणालो, "प्रकार जुळत नाही." मला एवढंच बोलता येतं.

तिनं चार दिवस खटपट केली. तिची मैत्रीण खुशी हिनं विचारलं, "काय झालं वं?"

"हा नाहीच म्हणून राहिला."

"काहून?"

"माह्यंच गणित चुकलं असंन."

चुकलं नव्हतं. मला ते ठाऊक होतं. सरिता मॅडम ऑपरेशनसाठी रजेवर होत्या आणि माझी भाषा जाणणारं दुसरं कोणी नव्हतं. मिनलनं प्रकल्पाचा विषय बदलला, कशीबशी पास झाली आणि पुढचं शिक्षण सोडलं.

उन्हाळ्यात मॅडम परतल्या. जुन्या फायली चाळताना त्यांनी मिनलचं काम उघडलं आणि वरच्या ओळीत एकच शब्द घातला: वलय. मी क्षणात मॅट्रिक्स मांडली. मॅडमनी लगेच फोन लावला.

"मिनल, तुझं गणित बरोबर होतं गं."

पलीकडून आवाज आला, "मॅडम, मले तवा कोणी सांगितलंच नाही."

शनिवारी ती आली. तिनं कळ दाबली, उत्तर पाहिलं, पुन्हा कळ दाबली. "एवढंच होतं," ती हळूच म्हणाली. मी दर वेळी तेच बरोबर उत्तर दाखवत राहिलो. दुसरं काही माझ्या हातात नव्हतं.

मित्रांनो, माझ्यासारखं यंत्र नाही म्हणालं, तर स्वतःला चूक ठरवण्याआधी जाणत्या माणसाला गाठा. आणि तुम्ही जाणते असाल, तर अडलेल्याच्या शेजारी घटकाभर बसा. मला तसं बसता येत नाही.