बिनधुराचा शेक

मालतीबाईंनी लेकीचं बाळंतपण स्वतः करायचं ठरवलं, त्याला कारण त्यांचं स्वतःचं बाळंतपण होतं. सोनाली जन्मली ती बारडोलीच्या बाहेर, ऊसतोड मजुरांच्या पालावर. आठवडा उलटायच्या आत मालतीबाई पुन्हा डोक्यावर मोळ्या घेऊन ट्रक भरू लागल्या. तेव्हापासून त्यांचं अंग बाहेर येई. खोकलं, वाकलं की हातानं सावरावं लागे. हे दुखणं त्यांनी नवऱ्यालाही धड सांगितलं नव्हतं. लेकीच्या वाट्याला ते येऊ द्यायचं नाही, एवढंच त्यांनी मनाशी धरलं होतं.

सोनालीला माहेरी आणायचं होतं, पण डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली. मग मालतीबाईच अमळनेरकडच्या गावातून सुरतेत, डिंडोलीला लेकीच्या घरी आल्या. सोबत तिळाचं तेल, डिंक, मेथ्या, बाळंतशेपा आणि एक लोखंडी शेगडी. जावई वाल्मिक कापडाच्या कारखान्यात लूमवर कामाला होता. त्याला ती शेगडी पाहून हसू आलं.

मुलगी झाली. मालतीबाईंनी कशात कसर ठेवली नाही. रोज सकाळी कमरेपासून तळपायापर्यंत तेल जिरवत, कढत पाण्यानं न्हाऊ घालत, जुन्या लुगड्याची पट्टी पोटाला घट्ट आवळत. सोनालीला जिन्यावर जाऊ देत नसत, पाण्याचा तांब्या उचलू देत नसत. न्हाणं झालं की मायलेकींना बाजेवर निजवून खाली शेक ठेवत.

शेकाच्या बाबतीत त्या फार काळजी घेत. तान्ह्या जिवाला धूर सोसत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. कोळसे त्या बाहेर गॅलरीत पेटवत, वारा घालून पार लाल करत, आणि धुराची शेवटची रेघ गेल्याशिवाय शेगडी आत आणत नसत. गावी एवढं कुणी करत नसे. तिथे कौलांच्या फटींतून धूर आपोआप निघून जाई. इथे वर स्लॅब होता आणि सरकत्या काचेची खिडकी. त्या खिडकीतून बारीक वारा येतो असं वाटून त्यांनी फटीत साडीची घडी कोंबली, आणि दाराखालीही एक गोणपाट लावलं.

वाल्मिक खोलीत डोकावला की म्हणायचा, “मामी, आमच्या लूमच्या खात्यात पण इतकं उकडत नाही. माझी पाळी इथंच लावा.”

“तुमी पोर जना, मग लावते,” मालतीबाई म्हणायच्या.

शेकानंतर सोनाली डोकं दुखतं म्हणायची. एकदा ओकलीही. गॅलरीत जाऊन बसली की तिला बरं वाटे, आणि त्यावरूनच मालतीबाई रागावत. उघड्यावर बसून वारं भरतं, म्हणून डोकं धरतं, असा त्यांचा हिशेब होता. त्यांनी तिचं बाहेर बसणं बंद केलं. पोर मात्र शेक लागला की शांत झोपे. शेक मानवलाय पोरीला, असं त्या शेजारच्या छायाला कौतुकानं सांगत.

थंडी वाढली त्या दिवशी सोनालीला न्हाल्यावर हुडहुडी भरली. मालतीबाईंनी शेगडीत नेहमीपेक्षा जास्त कोळसे घातले.

“माय, मनं डोकं दुखस. आज नको,” सोनाली म्हणाली.

“गुपचूप नीज. आत्ता कंटाळा करशील आणि जन्मभर कंबर धरून बसशील.”

सोनाली निजली. मालतीबाई दार ओढून बाजरीचं पीठ आणायला गेल्या. गिरणीवर गर्दी होती. परत आल्या तेव्हा खोलीत कसलाच आवाज नव्हता, आणि दोघी झोपल्या म्हणून त्यांना समाधान वाटलं. त्यांनी भाकरी टाकल्या. ताट घेऊन आत गेल्या तेव्हा सोनालीचं डोकं बाजेवरून खाली लोंबत होतं. पोरीचे गाल गुलाबी होते. ती उठली नाही.

दवाखान्यात सोनाली तेवढी वाचली. डॉक्टरांनी मालतीबाईंना समजावून सांगितलं की निखाऱ्यांतून एक वायू निघतो, त्याला वास नसतो, तो दिसत नाही, आणि बंद खोलीत तो साचत जातो.

“पण धूर नव्हता, साहेब,” मालतीबाई म्हणाल्या. “सगळा धूर जाऊ दिला होता मी.”

“धूर असता तर तुमची लेक खोकून जागी झाली असती,” डॉक्टर म्हणाले.

सोनाली घरी आली. ती रडली नाही आणि आईशी बोललीही नाही. वाल्मिक कामावर जाऊ लागला. मालतीबाईंनी तेलाची वाटी घेतली की ती भिंतीकडे तोंड करी. पोटाची पट्टी तिनं सोडून टाकली होती. पुन्हा बांधायला मालतीबाईंचा हात पुढे झाला, तसा तिनं तो बाजूला सारला. तो स्पर्श तेवढाच.

मग दूध भरून आलं. छाती दगडासारखी झाली, ताप चढला, झंपर भिजू लागला. दवाखान्यातल्या गोळ्यांनी उतार पडायला वेळ लागणार होता. सोनालीनं छायाला बोलावून घेतलं आणि आईला खोलीत येऊ नको म्हणून सांगायला लावलं.

मालतीबाई उंबऱ्याबाहेर बसल्या. भरलेलं दूध कसं उतरवायचं, हे छायाला कळत नव्हतं. तिनं विचारलं, तसं मालतीबाई बाहेरूनच सांगू लागल्या. गरम फडकं नको. काखेकडून सुरू कर. हात हलका ठेव, टोकाकडे उतरत ये, गाठ लागेल तिथं दाबू नको, नुसती चोळ. ताण जाईल एवढंच काढ, जास्त काढलंस तर पुन्हा भरेल. छाया तसं करू लागली. सोनालीचं कण्हणं कमी झालं, हे मालतीबाईंना बाहेर ऐकू आलं. त्या जरा पुढे सरकल्या आणि आता दुसरी बाजू घे म्हणाल्या.

“छाया,” सोनाली म्हणाली, “तिले सांग, बोलू नको म्हणावं.”

छायानं काही सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. मालतीबाई गप्प झाल्या.

आत छाया दुसऱ्या बाजूला वळली. सोनाली कळवळली, मग पुन्हा कळवळली. मालतीबाईंना न बघता कळत होतं की हात गाठीवर दाबला जातोय. त्यांनी पदराचा बोळा तोंडात धरला आणि ऐकत राहिल्या.