क्रुसाची पाळी

तुमचं बावखल दरोडेखोर रिकामं करणार आहेत असं आंबेभाटात कोणी येऊन सांगितलं असतं, तर गावाने कोयते काढले असते. पण ते रिकामं केलं गावच्याच फुटबॉल क्लबाने, दिवसाढवळ्या, आणि गावाने टाळ्या वाजवल्या. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते काय उगाच नाही.

बावखल म्हणजे वाड्यांच्या मधोमध खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी तिथे साठतं, मुरतं आणि आसपासच्या विहिरींना वर्षभर पुरतं. आंबेभाटाच्या बावखलावर सहा घरांचा हक्क. प्रत्येक घराचा एक वार ठरलेला. त्या दिवशी त्या घराने मोटर लावायची आणि आपली वाडी शिंपायची. पॉलिनच्या घराची पाळी मंगळवारची. रविवार मात्र कोणाचाच नव्हता. बावखलाच्या काठावर दगडी क्रूस आहे, रविवारची पाळी त्या क्रुसाची. त्या दिवशी मोटर लावायची नाही, हे पॉलिनच्या आजेसासूच्या आधीपासून चालत आलेलं. समुद्र जवळ आहे. आठवड्यातून एक दिवस उपसा थांबला की गोडं पाणी वर चढतं आणि खाऱ्याला खाली दाबून धरतं, एवढं डोकं कोणा जुन्या माणसाने चालवलं असणार. पण पोरानातवंडांना त्याने फक्त देवाचं नाव सांगितलं, कारण सांगितलं नाही. आणि देवाच्या नावावर काय काय खपतं ते या गावाने अठ्ठ्याण्णव साली दाखवून दिलं.

त्या वर्षी सेंट रोक स्पोर्ट्स क्लब मुंबईच्या लीगमध्ये दुसऱ्या डिव्हिजनला खेळत होता. पोरं भलतीच तयार झाली होती. ज्युलियस मास्तर शाळा सुटल्यावर त्यांना मैदानावर असा पळवायचा की बघणाऱ्याला धाप लागावी. यंदा नाही तर कधीच नाही, असं जो तो म्हणत होता. फक्त क्लबाकडे दमडी नव्हती. मुंबईला जायला टेम्पो हवा, बूट हवेत, लीगची फी हवी. सणाची वर्गणी पावसाळ्यातच संपली होती, आणि देणगी मागायला गेलं की लोक क्रिकेटचा स्कोअर सांगायचे.

तेव्हा क्लबाचे अध्यक्ष फर्डिनंड यांना रविवारची पाळी आठवली. विरार-नालासोपाऱ्याला इमारती उठत होत्या, नळ कोरडे होते आणि टँकरवाले पाण्यासाठी वाड्यावाड्यांतून फिरत होते. फर्डिनंडनी सभा भरवली आणि उभं राहून म्हणाले, "रविवारची पाळी क्रुसाची. क्लब कोणाचा? सेंट रोकचा. देवाचं पाणी देवाच्या पोरांना गेलं तर पाप कसलं? दोन-तीन टँकर द्यायचे, बास."

"भावोजी, रविवारी मोटर लावत नाहीत," पॉलिन मागून म्हणाली. फर्डिनंड तिच्या नवऱ्याचे चुलतभाऊ. नवरा गेल्यापासून ते तिच्याशी जरा जास्तच मायेने बोलत.

"का लावत नाहीत, सांग ना पॉलिन."

तिला सांगता येईना. लावत नाहीत म्हणून लावत नाहीत. सभा हसली. तिच्या शेजारी बसलेला तिचा मुलगा केनीही हसला, आणि का नाही हसणार? तोच तर टीमचा हुकमी स्ट्रायकर. क्लब पहिल्या डिव्हिजनला गेला तर एका बँकेच्या टीममध्ये त्याला घेणार होते, म्हणजे खेळाडू म्हणून पक्की नोकरी. पॉलिनला दुसरं मूल नव्हतं.

मॅच रविवारीच असायच्या. चर्चमधली मिस्सा आटोपली की अख्खं गाव टेम्पोत चढायचं, ताशा घेऊन, झेंडे घेऊन. पॉलिन जायची नाही. एकदा तिच्या डोळ्यांदेखत केनीचं नाक फुटलं होतं, तेव्हापासून तिने मैदानाचं नाव टाकलं होतं. त्यामुळे रविवारी आंबेभाटात उरायची ती, चार म्हातारी माणसं आणि टँकर. दोन-तीन कुठले! एक भरून निघाला की दुसरा रिव्हर्स घेत यायचा, तिसरा वळणावर हॉर्न वाजवत उभा असायचा. बाराही महिने वाफ्यात झारीने पाणी घालणारी बाई ती. तिला आपल्या ओटीवर बसून आपलं पाणी धो-धो जाताना बघावं लागत होतं. संध्याकाळी टेम्पो परत यायचा, पोरं नाचत उतरायची, आणि ती काही बोलायला गेली की विनी, तिची जाऊ, सगळ्यांसमोर म्हणायची, "केनीने दोन गोल मारले, आधी त्याच्यावरून मीठमिरची ओवाळ. पाण्याचं काय घेऊन बसलीस!"

नाताळ झाला. सेंट रोक हरायचं नावच घेईना. पॉलिनच्या वाडीत आधी घेवडा गेला. मग मोगऱ्याला कळ्या धरेनाशा झाल्या. मग केळीची पानं कडेने करपायला लागली, इस्त्री लागल्यासारखी. तिने कीड शोधली, औषध मारलं, शेणखत घातलं. केनीची जर्सी धुवून वाळत टाकली की त्यावर पांढरे डाग उमटायचे. तिला वाटायचं पोराचा घाम. साबणाला फेस येईना, तर तिने दुकानदाराशी भांडण काढलं आणि साबण बदलून आणला.

रोज थोडी थोडी बदलणारी चव जिभेला कळली नव्हती, पण शेवटी एके दिवशी ती विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन, जिभेवर घोळवत नुसतंच प्यायली. चहात, आमटीत चव लपते. नुसत्या पाण्यात लपत नाही. ती तशीच विहिरीच्या कठड्यावर बसून राहिली. नवऱ्याच्या मातीवर ती जेवढी रडली नव्हती तेवढी त्या दुपारी रडली, आणि रडून झाल्यावर तिला जो राग आला तो पुढे कधी उतरलाच नाही.

ती तडक फर्डिनंडकडे गेली. ते ओटीवर बसून पेपर वाचत होते.

"भावोजी, पाणी खारं झालंय."

"उन्हाळ्याकडे थोडं होतंच."

"माझ्या जन्मात झालं नाही! रविवारची मोटर बंद करा."

"पॉलिन, आता थोडक्या मॅच राहिल्यात. सीझन संपू दे, मग बघू. आणि हे बाहेर बोलू नको. पोरांचं लक्ष विचलित होईल. तुझा केनी आहे ना त्यात?"

ती घरी आली. केनीशी ती बोलली नाही, हे खरंच. पोर नोकरीच्या उंबरठ्यावर उभं, त्याच्या डोक्याला ताप कशाला, असं तिने स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवसापासून ती पिण्याचं पाणी पलीकडच्या होळी गावातल्या एका ओळखीच्या वाडीतून आणायला लागली. कळशी डोक्यावर, भर उन्हात, जाऊन येऊन तास मोडायचा. केनी त्या कळशीतलं पाणी गटागटा प्यायचा आणि कुठून आणलंस म्हणून एकदाही विचारायचा नाही. आईचे कष्ट पोरांना दिसत नाहीत, एवढंच तिला वाटलं.

ईस्टरनंतरच्या एका रविवारी शेवटची मॅच होती. जिंकलो तर पहिला डिव्हिजन. गावात चिटपाखरू उरलं नाही. पॉलिन बावखलावर गेली. पाणी तळाशी गेलं होतं, काठावरचा चिखल भेगाळून पांढरा पडला होता. टँकरवाला रामनाथ पाइप जोडत होता. तो जौनपूरकडचा, पण दहा वर्षांत मराठी चांगलं बोलायला लागला होता.

"मावशी, गाव गेलं, तुम्ही नाही गेलात?"

"तू कोणाला देतोस हे पाणी? पितात ते लोक?"

"पीत होते. आता कुठे? दोन महिने झाले, बिल्डिंगवाले शिव्या घालतात. खारं आहे म्हणून टँकर परत पाठवतात. आता बांधकामाला देतो. तिथे भाव अर्धा." त्याने खांदे उडवले. "अध्यक्षसाहेबांना सांगितलंय मी. ते म्हणाले, पुढच्या वर्षी अजून एक दिवस वाढवून देतो."

पॉलिनला वाटलं होतं फर्डिनंड आळस करताहेत, दुर्लक्ष करताहेत. हा तर हिशेब होता! पाणी नासलं म्हणून भाव पडला, भाव पडला म्हणून आणखी पाणी उपसायचं. असलं गणित मांडणाऱ्याला गाव अध्यक्ष म्हणत होतं आणि चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसवत होतं.

संध्याकाळी ताशाचा आवाज वेशीपासूनच यायला लागला. सेंट रोक जिंकला होता, दोन-एकने, आणि दुसरा गोल केनीचा. मिरवणूक क्रुसापाशी आली. केनी कोणाच्या तरी खांद्यावर होता, गळ्यात हार, चेहरा गुलालाने लाल. बायका ओवाळत होत्या. ज्युलियस मास्तर लहान मुलासारखा रडत होता, आणि पॉलिनलासुद्धा, खोटं कशाला बोला, क्षणभर गहिवरून आलं. आपलं पोर ते.

मग फर्डिनंडनी माइक घेतला. "आज आपण जिंकलो. पण पहिला डिव्हिजन म्हणजे खर्च दुप्पट. क्रुसाच्या साक्षीने विचारतो, सहा घरांपैकी आपली पाळी क्लबाला कोण देतो?"

आणि खांद्यावरून केनीचा हात वर गेला.

"आमचा मंगळवार घ्या!"

ताशा कडाडला. शिट्ट्या झाल्या. विनीने पॉलिनला मिठी मारली. ती मिठी सोडवून पॉलिन गर्दीतून पुढे गेली आणि फर्डिनंडच्या हातातला माइक ओढून घेतला.

"मंगळवार माझा आहे," ती म्हणाली. "मी तो क्लबाला देत नाही. मी तो क्रुसाला देते. मंगळवारी मोटर लागणार नाही. मी पण लावणार नाही. माझी वाडी वाळली तरी चालेल."

लोक बघत राहिले. क्रुसाला दिलेलं नाकारायचं कसं? फर्डिनंड मात्र हसले. त्यांनी हळूच माइक परत घेतला. "शाब्बास पॉलिन! क्रुसाची पाळी म्हणजे क्लबाचीच की! बोला, सेंट रोक की..."

"जय!" गाव ओरडलं. कोणाला ती चलाखी कळली, कोणाला नाही. टाळ्या सगळ्यांनीच वाजवल्या.

"पाणी खारं झालंय!" पॉलिन ओरडली. "तुमच्या सगळ्यांच्या विहिरी नासल्यात, आणि यांना माहीत आहे! सांगा, कोणाच्या साबणाला फेस येतो? इनेझ, तुझा घेवडा कुठे गेला? सांग ना!"

इनेझची पाळी बुधवारची, वाडी पॉलिनच्या वाडीला लागून. तिने मान खाली घातली. तिच्या मागच्यानेही खाली घातली. तेव्हा पॉलिनला कळलं. हे सगळे चाखून बसले होते. घराघरात माहीत होतं, आणि घराघरात सीझन संपायची वाट बघत होते. एकटी तीच वेड्यासारखी औषधं मारत बसली होती.

"खारं-बिरं काही नाही," फर्डिनंड माइकवर म्हणाले. "आईच्या जिवाला पोराची काळजी, दुसरं काय. केनी, तूच सांग बाबा. रोज त्याच विहिरीचं पाणी पितोस. कसं आहे?"

माइक वर गेला. सगळं गाव केनीकडे बघत होतं. केनीने आईकडे पाहिलं. ती नजर तिने ओळखली. लहानपणी पेरू चोरून आणला की तो अशीच बघायचा. म्हणजे त्यालाही माहीत होतं. कळशी कुठून येते हेसुद्धा, आणि म्हणूनच त्याने कधी विचारलं नव्हतं.

"गोड आहे," केनी म्हणाला.

ताशा परत सुरू झाला. पॉलिन घरी निघून आली.

केनी आला तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. हार अजून गळ्यात होता. घसा बसला होता, ओठ सुकले होते. तो पाटावर बसला आणि खाली बघत म्हणाला, "आई, नोकरीचं नक्की झालं. तुला आता वाडीत राबायला लागणार नाही." ती भांडी आवरत राहिली. "आई, पाणी दे."

होळीहून आणलेली कळशी कोपऱ्यात झाकून ठेवलेली होती. पॉलिन ती ओलांडून मागच्या दाराने विहिरीवर गेली, बादली सोडली, वर ओढली, तशीच आत आणली आणि पितळेचा मोठा पेला काठोकाठ भरून त्याला दिला. केनीने एक घोट घेतला आणि थांबला.

"गोड आहे ना?" तिने विचारलं. "पी."

"आई, मी तरी काय बोलणार होतो तिथे?"

"पी."

त्याने डोळे मिटून पेला रिकामा केला. त्याला उमासा आला, तो त्याने तोंडावर हात धरून दाबला. "पुरे, आई," तो म्हणाला. पॉलिनने बादली जवळ ओढली, पेला पुन्हा भरला आणि त्याच्यासमोर ठेवला.