कसरीचं भोक

ही गोष्ट कुणालाही पटणार नाही, हे म्हाताऱ्यानं नातवंडांना आधीच बजावलं आणि मग खुशाल सांगायला लागला. शेजारी आजी कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हाताऱ्याच्या गोष्टींकडे ती एकाच कानानं लक्ष द्यायची.

एका ग्रंथालयात एक दुरुस्तीवाला होता. फाटकी पानं सांधायची, निसटलेल्या पोथ्या शिवायच्या, हे त्याचं काम. नाक इतकं तिखट, की नुसत्या वासावरून कागदाचं वय सांगायचा. एकदा तर ग्रंथालयाच्या साहेबांचंही वय सांगितलं, ते त्यांना आवडलं नाही. त्याच्या ताब्यात एक हस्तलिखित होतं. लिपी कुठली, कुणाची, कुणालाच ठाऊक नाही. मुंगीनं शाईत पाय बुडवून फेरफटका मारावा, तशी अक्षरं. पानांवर आकडे नाहीत. कागद खाणारी एक कसर मात्र पहिल्या पानात शिरून शेवटच्या पानातून बाहेर पडली होती. हस्तलिखिताच्या आरपार गेलेला जगातला तो एकच जीव. तिचं भोक तिरकं जात होतं, पानागणिक केसभर पुढे.

एकोणीस वर्षं दुरुस्तीवाला त्या अक्षरांमागे लागला होता. अकरा वह्या भरल्या. हाती लागलं काय, तर चष्म्याचा नंबर.

मग बायकोनं तगादा लावला म्हणून त्यानं मेहुण्याला तिथंच चिकटवून दिलं. मेहुण्यानं हस्तलिखित चाळीस दिवस उलटंपालटं केलं, एक वही भरली आणि चहा पिता पिता म्हणाला, "भावोजी, हे वाचता येतंय की. कुण्या वैद्यानं लिहिलंय. राणीला झोप येत नाही, आणि हा तिला रोज नवं औषध देतोय."

दुरुस्तीवाल्यानं बशीतला चहा तसाच खाली ठेवला.

साहेबांनी मेहुण्याला हातांची खुर्ची दिली. दुरुस्तीवाला एकोणीस वर्षं स्टुलावर. घरी बायको म्हणाली, "चाळीस दिवस. बघा बाई, माझा भाऊ." वाढता वाढता सहजच म्हणाली, पण तो भरल्या ताटावरून उठला. रस्त्यानं जाताना पानवालाही विचारायचा, "राणी झोपली का हो?" आणि दुरुस्तीवाल्याच्या पोटात असा जाळ उठायचा, की खिशातली काडेपेटी आपोआप पेटली असती. खोटं वाटतंय ना? दोनदा पेटली.

जाहीर वाचन ठरलं. चार गावचे पंडित येणार. हस्तलिखिताची शिवण सैल झाली होती, म्हणून ते आदल्या आठवड्यात दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर आलं. त्यानं जुना दोरा उसवला. पानांच्या नऊ जुड्या वेगळ्या केल्या. चौथी सातवीच्या जागी ठेवली, सातवी चौथीच्या. नवा दोरा ओवला आणि इतकी सुबक शिवण घातली, की तशी त्याला पुन्हा कधी जमली नाही. त्याला एवढंच हवं होतं, की मेहुणा चारचौघांत अडखळावा.

मेहुणा अडखळलाच नाही. हस्तलिखित समोर, पण डोळे मांडीवरच्या वहीत. राणीची गोष्ट अशी वाहत गेली, की मागच्या रांगेतले दोघं डोळे पुसत होते. खरं सांगायचं तर दुरुस्तीवाल्यालाही पुढचं ऐकावंसं वाटलं, आणि तेच त्याला सोसलं नाही.

तो उठला. "साहेब, एक लहानशी शंका. कसरीचं भोक बघा. चौथ्या जुडीपाशी एकदम उडी मारतंय, सातवीपाशी परत मागे येतंय. पानं मागेपुढे आहेत. मग गोष्ट सरळ कशी?"

साहेबांनी चष्मा पुसून भोक पाहिलं. पंडितांनी पाहिलं.

"वही मी शिवणीच्या आधी केलीय," मेहुणा म्हणाला. "तेव्हा पानं नीट होती. भावोजी, सांगा की यांना."

साहेब दुरुस्तीवाल्याकडे वळले. "शिवताना क्रम बदलला का?"

आता एक 'हो' म्हटलं असतं तर मेहुणा वाचला असता आणि स्टूलही गेलं असतं. दुरुस्तीवाला म्हणाला, "नाही साहेब. आली तशी शिवली. आधीच्या कुणीतरी चुकवली असतील."

मेहुण्यानं वही मिटली. निघताना भावोजींच्या पाया पडला, तेवढं करायला नको होतं.

म्हातारा थांबला. नातीनं विचारलं, "मग त्याला खरंच वाचता येत होतं?"

"ते आता कोण सांगणार? त्याच्यानंतर ते हस्तलिखित कुणी उघडून बघितलंच नाही. काही म्हणतात, तो बोटीवर चढला आणि एका खऱ्याच राणीला झोपवून आला." म्हातारा हसला. "आणि जुड्यांचं म्हणाल, तर दुरुस्तीवाल्यानं ते जन्मात कुणाजवळ काढलं नाही. बायकोजवळसुद्धा नाही. पोटात घेऊनच मेला."

आजीच्या हातातला सदरा अर्धवट घडी घातलेला तसाच राहिला.

"कुणाजवळ काढलं नाही," ती म्हणाली, "तर चौथी आणि सातवी, हे तुम्हाला कुणी सांगितलं? मला तर म्हणाला होतात, आधीच्या कुणीतरी चुकवली. अहो, तेव्हापासून माझा भाऊ या घराची पायरी चढलेला नाही."