पाणी चावतं तेव्हा

हो, मी हिरवी वायर बोलतेय. न्हाणीघरातल्या विजेच्या शॉवरचं पांढरं झाकण काढलंत, तर आत मी दिसेन. याच झाकणामागे मला गळा कापून, दुमडून, काळी चिकटपट्टी गुंडाळून कोंबून ठेवलं होतं. आता मी पुन्हा जोडलेली आहे. पण झालेलं विसरलेली नाही, आणि विसरणारही नाही.

लाल, काळी आणि मी, आम्ही तिघी एकाच नळीतून या घरात आलो. लाल वीज आणते, काळी परत नेते, म्हणून दोघींचा तोरा काय विचारता! माझं एक टोक शॉवरच्या धातूच्या अंगाला आणि दुसरं थेट जमिनीत. आतली वीज चुकून बाहेर सांडलीच, तर तिचं बखोट धरायचं आणि तिला मातीत नेऊन सोडायचं, एवढंच माझं काम. एरवी नुसतं पडून राहायचं. त्यामुळे मी फुकटखाऊ आहे असं लोकांना वाटतं.

आमचा मालक स्वतःला मोठा कारागीर समजायचा. नळ गळू दे, पंखा बंद पडू दे, हा पकड आणि पेचकस घेऊन हजर. "त्यात काय एवढं?" हे त्याचं पालुपद. शॉवरही त्यानंच बसवला होता, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तो कौतुकानं दाखवायचा.

मग शॉवरच्या आतली पाणी तापवणारी कॉईल तडकली आणि वीज पाण्यात झिरपायला लागली. मी तिला तिथल्या तिथे पकडून जमिनीत नेलं. त्याबरोबर मीटरजवळच्या पेटीतला, गळती ओळखणारा खटका पडला. दुसऱ्या दिवशीही पडला, तिसऱ्याही. डोक्याला साबण लावलेला मालक आतून बोंबलायचा आणि त्याची बायको धावत जाऊन खटका वर करायची.

"अहो, वायरमनला बोलवा ना. उगाच नाही पडत तो," ती म्हणाली.

"त्यात काय एवढं?" म्हणत त्यानं झाकण उघडलं. एकेक वायर सोडून बघितली. मला सोडल्यावर खटका पडेना. झालं! त्याचा चेहरा खुलला.

"हीच ती भांडखोर! हिच्यावाचून पाणी झकास तापतंय की."

आणि त्यानं पकडीनं मला कचकन तोडलं. घरात गळती आहे असं मी जीव तोडून सांगत होते, तर यानं गळती तशीच ठेवून माझंच तोंड बंद केलं. त्या दिवसापासून मी त्याच्यावर दात धरून होते.

लवकरच नळाला हात लावला की झिणझिण्या यायला लागल्या. त्यावरही मालकानं शक्कल काढली. स्वतःला आणि बायकोला जाड रबरी चपला आणल्या आणि घराला नियम घालून दिला, चप्पल घातल्याशिवाय अंघोळ नाही. घरातल्या म्हाताऱ्या आईलाही आणणार होता, पण तिनं हात जोडले.

"मला नको रे बाबा. ओल्या फरशीवर घसरले, तर हाडं गोळा करावी लागतील माझी."

म्हणून ती अनवाणीच जायची. आणि एक दिवस केस पुसत बाहेर येऊन म्हणाली, "अरे, पाणी चावतं मला."

मालक खदाखदा हसला. "आई, पाण्याला काय दात असतात?"

अंगाचा तिळपापड झाला माझा. मला याच्यावर सूड उगवायचा होता, आणि हा चपलांवर सुखरूप उभा! मार खायची ती म्हातारी. हळूहळू तिनं शॉवरचं नावच सोडलं, बादलीभर गार पाणी कसंबसं अंगावर ओतून यायची. खोकल्यानं बेजार झाली, तरी मुलाचं आपलं चालूच, "नवीन काही नकोच असतं हिला." मी अंधारात एकच मागणं मागत होते. एकदा, फक्त एकदा, हा अनवाणी येऊ दे.

शेवटी सुनेनंच हट्ट धरला. "आई, आज गरम पाण्यानंच अंघोळ करा. यांच्या चपला घाला, मी धरते तुम्हाला."

आईनं त्या होडीएवढ्या चपला घालून अंघोळ केली आणि तशीच फटक फटक करत अंगणात उन्हाला जाऊन बसली. इकडे मालकाला कामावर जायला उशीर झालेला. दाराशी बायकोच्या इवल्याशा चपला, त्याच्या नाहीत. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, आणि तो म्हणालाच, "त्यात काय एवढं?"

कॉईलचा तडा तोवर वाढला होता. त्यानं ओल्या फरशीवर पाय टेकले, नळ धरला, आणि हात तिथेच चिकटला. तोंड उघडं, पण आवाज फुटेना. मी दोन बोटांवर होते, पण त्यानंच तोडलेली. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. म्हटलं, आता सोडव स्वतःला, कारागिरा! तेवढ्यात त्याच्या अंगातून जमिनीत चाललेली वीज ओळखून खटका पडला आणि तो धाडकन फरशीवर कोसळला.

दोघी धावत आल्या. सुनेनं त्याच्यावर टॉवेल टाकला. तो पांढराफटक, थरथरत होता. आई त्याच्याच चपला घालून समोर उभी.

"काय रे, पाणी चावलं?"

त्यानं वर बघितलं. "आई... तू रोज हे..." आणि तो ओक्साबोक्शी रडला.

दुपारी वायरमन आला. कॉईल बदलली, माझी पट्टी सोडवली, मला साफ करून जोडलं. मालक बाजूला उभा राहून म्हणाला, "नीट घट्ट करा हं ती." मी ऐकलं. पण माफ केलं नाही.

तुमच्या घरात माझी कुणी बहीण अशी तोडून ठेवली असेल, तर तिला आजच जोडून घ्या. आम्ही डूख धरतो, आणि आमच्या सुडाला माणूस ओळखता येत नाही.

मालक अजून रोज नळापाशी थबकतो. झाकणाकडे बघतो, बोटाच्या पाठीनं नळाला हळूच शिवून बघतो, आणि मगच फिरवतो. त्याची तेवढी भीती मी रोज चवीनं बघते. त्याच्यानंतर आई येते. अनवाणी येते आणि सरळ नळ फिरवते.