रंगाखालचं रबर

“हे रबर राहिलेलं नाही, याचा दगड झालाय. उद्या पाणी आलं तर हे दार बंद असून उघडंच!” माझ्या पोटातल्या लोखंडी दाराच्या कडेवर अंगठा दाबत मुख्य इंजिनियर ट्रेवीनसाहेब एकदा म्हणाले होते. मी ते कानाआड केलं. माल्टाच्या निळ्या पाण्यात तेव्हा माझं प्रतिबिंब पडलं होतं आणि त्यावरून माझी नजर हटत नव्हती.

मित्रांनो, मी एक जुनी हलकी क्रूझर, म्हणजे चपळ युद्धनौका आहे. माझं नाव कॉर्विना. पहिलं महायुद्ध भरात असताना इंग्लंडात टाइन नदीच्या काठी मला घाईघाईने बांधलं. उत्तरेच्या समुद्रात मी शेकडो पोरं पोटात घेऊन हिंडले. लाट आदळली की आधी त्यांचे श्वास ऐकायचे, मग स्वतःच्या दुखण्याकडे बघायचे.

युद्ध संपलं आणि माझे लाड सुरू झाले. मला त्या लाडांची आता चीड येते. शांततेच्या काळात साहेबांना बढती मिळायची ती जहाजाच्या चकाकीवर. सरकारी रंग पुरायचा नाही, म्हणून साहेब पदरचा विकत आणायचे. माझे उपकप्तान ॲनस्ली तर सासऱ्याच्या पैशाने पिंपच्या पिंप आणायचे. मला रंगवलं, वर पुन्हा रंगवलं. पाणी अडवणाऱ्या दारांच्या कडांना रबराची पट्टी असते. ती मऊ राहिली तरच दार घट्ट बसतं. काळी दिसते म्हणून त्यांनी तीही पांढरी करून टाकली, आणि रंगाखाली रबर कडक होत गेलं.

“ॲनस्ली, रबरावर रंग देत नसतात. खरवडून काढा तो,” ट्रेवीन म्हणाले.

“नळदुरुस्तीवाल्यांनी नळापुरतं बोलावं! ॲडमिरल येतायत. ते पांढरी दारं बघतील, तुमचं काळं रबर नाही.”

“ॲडमिरल बुडणार नाहीत हो. त्या दारामागे हॉलिस असतो.”

“कोण हॉलिस?”

हॉलिस म्हणजे चॅटम गावचा, बॉयलरची भट्टी सांभाळणारा एक खलाशी. तळाशी पंपाजवळ बसून बेसूर गाणारा. तान्ह्या लेकीचा फोटो त्याने पाइपाला चिकटवला होता.

ॲडमिरल आले. दारावर पांढरा हातमोजा फिरवून पाहिला, मोजा पांढराच राहिला. ॲनस्लींची पाठ थोपटली गेली. आठवडाही उलटला नाही तोच सरावात धुकं दाटलं आणि आमच्याच एका विनाशिकेने माझ्या कुशीत नाक खुपसलं. शेजारची खोली भरली. हॉलिसने दार ओढलं, सगळ्या खिट्ट्या लावल्या. तरी चारी कडांनी पाणी फवाऱ्यासारखं आत येऊ लागलं. त्याने अंगातला सदरा काढून फटीत कोंबला.

“अरे, दार बंद आहे आणि तरी येतंय! वर कोणी आहे का रे?”

मी लोखंडाची. मला ना हात, ना तोंड. पाणी हनुवटीला लागलं तेव्हा वरचं झाकण उघडून ट्रेवीनसाहेबांनी त्याला बखोटीला धरून वर ओढलं. तो जगला, पण तेव्हा धरलेला खोकला काही सुटला नाही. सगळा दोष धुक्यावर ढकलला गेला. आणि ते दार? नीट वाळलंही नव्हतं, तोच त्यावर ॲनस्लींनी नवा रंग फिरवला!

आज भंगारवाले मला कापतायत. कापलेल्या कडेवर रंगाचे थर भाकरीच्या चवडीसारखे दिसतात. ट्रेवीनसाहेब निवृत्त झाले. ॲनस्ली मात्र कप्तान झालेत, माझ्या धाकट्या बहिणीवर, क्लॉरिंडावर. ती पलीकडच्या धक्क्याला उभी आहे, नवरीसारखी चमचम करत. काल वाऱ्यावर तिच्या तळातून खोकला ऐकू आला. मागून तेच बेसूर गाणं. मी ओळखला तो.

मित्रांनो, नौदल सप्ताहात तुम्हा मुलांना जहाजांवर सोडतात. क्लॉरिंडावर जा. तोफांवर चढून फोटो काढत बसू नका, शिडीने थेट खाली उतरा. तळातल्या दाराच्या कडेवर अंगठा दाबा. रबर दबलं तर खुशाल घरी जा. दगडासारखं लागलं, तर हॉलिस कुठे बसलाय ते विचारा, त्याला डोळ्यांनी बघा. आणि कोणी ऐटबाज साहेब “कोण हॉलिस?” म्हणाला, तर हॉलिस वर येईपर्यंत तिथून हलू नका.